ओळ उचलणाऱ्या

घंटी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लग्न होऊन आली त्याच हंगामात कांद्याच्या रानात तिने पहिल्यांदा गळा सोडला आणि बांधापलीकडच्या रस्त्याने जाणारा सायकलवाला मागे बघता बघता सरळ पाण्याच्या चारीत गेला. "बाई आहे का घंटी!" अंगावरचा चिखल झटकत तो ओरडला. टोळीतल्या बायांना तेवढं पुरेसं होतं. तेव्हापासून ती घंटी झाली ती झालीच. आता तिला कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती तर वळून बघायला तिला वेळच लागला असता.

गाणं हे त्या टोळीत कामाचंच एक अवजार होतं. कांद्याचं रोप लावायचं म्हणजे दिवसभर कमरेत वाकायचं. वाफ्यात घोट्याएवढं गार पाणी, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्याने रोप चिखलात दाबायचं आणि मागे सरकायचं. दाबायचं, सरकायचं. गप्प राहून हे काम करणारी बाई दुपारपर्यंत रडकुंडीला येते. म्हणून एकीने ओळ सोडायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. ओळ सोडणारीचा गळा जसा धावेल तसे सगळ्यांचे अंगठे धावतात. हे कुणी ठरवून करत नाही, होतं ते.

आणि म्हणूनच टोळीचा एक कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. रान उक्तं घेतलं असेल, म्हणजे अख्ख्या रानाची मिळून मजुरी ठरली असेल, तर उडतं गाणं. भराभर आवरा आणि घरी जा. पण काम रोजाने असेल तर गाणं संथ. रोजाच्या रानात घाई करायची म्हणजे आपणच आपला उद्याचा रोज बुडवायचा. एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

घंटीला हे सासूने शिकवलं होतं. सासू म्हणजे टोळीची आधीची गाणारी. वर्षानुवर्षं उघड्या रानात ओळी सोडून म्हातारीचा गळा बसला तो बसलाच. आता ती नुसती बोलली तरी गंजलेलं दार ढकलल्यासारखं वाटायचं. गळा गेला, पण कान शाबूत होते. घंटी पुढे गायची आणि मागच्या वाफ्यातून म्हातारीचा एकच शब्द यायचा. श्वास मधेच घेतला, "चुकलीस." ओळ लवकर तोडली, "चुकलीस." पहिली काही वर्षं घंटी घरी येऊन भांडी आपटायची. नंतर एकदा तिच्या लक्षात आलं, की टोळीत अधूनमधून दोघीतिघी आणखीही गातात, त्यांना म्हातारी कधी चकार शब्द बोलत नाही. मग भांडी आपटणं थांबलं.

त्या वर्षी हंगामच उलटा आला. थंडी लांबली, रोपं उशिरा तयार झाली आणि वर कालव्याचं पाणी लवकर बंद होणार अशी दवंडी फिरली. रानाच्या मालकाचं धाबं दणाणलं. पाण्याशिवाय रोप जमिनीत बसत नाही आणि त्याचं वरचं रान निम्मं आणि खालचं अख्खं कोरं पडलेलं. तो बांधावर येरझारा घालायचा, कालव्याकडे बघायचा आणि मग बायांच्या पाठींकडे बघायचा. रोजाने लावलेल्या बाया, त्या आपल्या संथपणे मागे सरकत होत्या.

"मावशी, जरा हात उचला की," तो मुकादमिणीला म्हणायचा.

मुकादमीण जाडजूड आणि शांत. टोळीचं काम तीच धरायची, मजुरीही तीच ठरवायची. "हात उचललेलेच आहेत, मालक," ती म्हणायची. "आता पाय उचलले तर चिखलात पडू."

त्याच दिवसांत मालकाची मुलगी शहरातून सुट्टीला आली होती. गोड पोरगी, कुणाशीही दोन मिनिटांत गप्पा मारायची. ती मोबाइल घेऊन फिरत फिरत वरच्या रानात आली, घंटीचा आवाज ऐकला आणि नव्या कपड्यांसकट बांधावर फतकल मारून बसली.

"वहिनी, हे कुठे शिकलात तुम्ही?"

"यात शिकायचं काय?" घंटी म्हणाली, पण कानापर्यंत लाल झाली. रानात गाण्याबद्दल असं काही कुणी विचारत नसतं.

"काहीतरी उडतं म्हणा ना! मी व्हिडिओ करते. ऐकणाऱ्याचे पाय उचलले गेले पाहिजेत बघा."

घंटीने मागे पाहिलं. रोजाचं रान होतं. म्हातारी मान खाली घालून रोप दाबत होती. एकच तर म्हणायचंय, घंटीने स्वतःची समजूत घातली, एका गाण्याने काय आभाळ कोसळणार आहे? आणि तिने गळा सोडला.

"बांधावरून कोण गं येतंय?"

"सरक गं सरक!" बायांनी ओळ उचलली.

"हातामधे काय गं आणतंय?"

"सरक गं सरक!"

सगळ्या पाठी झपाझप मागे सरकल्या. मागून एकदा "चुकलीस" आलं. घंटीला वाटलं, श्वासाबद्दल असेल. तिने पुढच्या ओळीला छाती भरून श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाची मुलगी धावतच आली. व्हिडिओ कुठल्या कुठे गेला होता. कुणी कुणी काय काय लिहिलं होतं, ते तिने उभ्या उभ्या वाचून दाखवलं. एकाने लिहिलं होतं, हा आवाज आहे की सुरी. एक बाई दवाखान्यात रात्रपाळीला होती, तिने लिहिलं होतं, की हे ऐकत ऐकत मी अख्ख्या वॉर्डाच्या चादरी बदलल्या आणि मला कळलंसुद्धा नाही.

घंटी चिखलाचे हात हवेत धरून ऐकत राहिली. आपण कधी पाहिलेलं नाही असलं कुठलं तरी घर, कुठला तरी दवाखाना, आणि तिथे आपला आवाज जाऊन पोचला. तिला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं, आणि हात चिखलाचे असल्यामुळे ते पुसताही येईना.

झालं. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही मालक बांधावरून म्हणायचा, "घंटे, लाव गं तुझं ते सरक सरक," आणि घंटी लावायची. मुलगी कधी या बाजूने, कधी त्या बाजूने मोबाइल धरायची. बायांना बोलायला सवड कुठली? तोंडं ओळ उचलण्यात गुंतलेली, अंगठे गाण्यामागे धावत होते. आणि एक गंमत अशी झाली, की त्या दोन दिवसांत मागून एकदाही "चुकलीस" आलं नाही. घंटीला वाटलं, आज आपला गळा खरंच लागलाय, म्हातारीलासुद्धा बोट ठेवायला जागा सापडत नाही!

वरचं रान बघता बघता संपलं. ऊन अजून बांधावर होतं. मालकाचा जीव भांड्यात पडला. त्याने घरातून एक नवाकोरा स्टीलचा थर्मास आणवला आणि सगळ्यांसमोर घंटीच्या हातात ठेवला.

"तुझ्या गळ्याने माझं रान वाचवलं," तो म्हणाला. मग मुकादमिणीकडे वळला. "मावशी, इथलं तर झालं. खालच्या रानासाठीची रोपं अजून लहान आहेत. तेव्हा उद्यापासून येऊ नका, लागलं की बोलावीन."

बायांनी चारीत पाय धुतले. म्हातारी मात्र वाफ्यातच होती. तिने उठायचा प्रयत्न केला आणि तिला कमरेतून सरळच होता येईना. मुकादमिणीने एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने बुटकीने. ही बुटकी टोळीत सगळ्यात ठेंगणी आणि सगळ्यात तिखट. घंटी थर्मास काखेत धरून पुढे झाली, तर बुटकी म्हणाली, "राहू दे. तुझे हात भरलेले आहेत."

घरी आल्यावर घंटीच्या नवऱ्याने वीट तापवून, फडक्यात गुंडाळून आईच्या कमरेला लावली. तो धारवाला होता. घराच्या पुढच्या पडवीत त्याचं चाक होतं, त्यावर तो खुरपी, विळे, कात्र्या, ज्याला जे लागेल त्याला धार लावून द्यायचा. त्याला अजून रानातलं काही कळलं नव्हतं आणि तो आपला खुशीत होता.

"अगं, आज तीन गिऱ्हाइकं आली आणि तिघांनी विचारलं, घंटीचा नवरा तूच का? एवढी वर्षं धार लावतोय, पण आज पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही कुणी ओळखतं."

घंटी हसली. मग म्हातारीच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळता चोळता तिने विचारलं, "आई, आज एकदाही चुकले नाही ना मी?"

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी ऐकत नव्हते," ती म्हणाली. "मी कंबर सांभाळत होते. रोजाचं रान होतं बाई ते."

घंटीला एकदम सगळं दिसलं. काम लवकर संपलं होतं, बायांचे रोज बुडाले होते आणि म्हातारीची कंबर धरली होती ती तिच्या गळ्यामागे पळून. शिवाय थर्मास एकटीला मिळाला होता. तो चुलीशेजारी चकाकत होता. तिने उठून तो धान्याच्या पिंपामागे ढकलून दिला.

टोळीला लवकरच दुसरीकडे काम मिळालं. घरोघर पाणी पोचवणाऱ्या टँकरवाल्याचं रान, तेही रोजाने. म्हातारी घरी पडून होती. घंटीने रात्रीच ठरवलं होतं, की आता असं संथ गायचं, असं संथ गायचं, की बायांना कामाचा भारच वाटू नये. वाफ्यात उतरल्या उतरल्या तिने ओळ सोडली.

कुणी उचलली नाही.

तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा सोडली, जरा मोठ्याने. बाया मान खाली घालून रोपं दाबत होत्या. चिखलाचा पचक पचक आवाज येत होता. गाण्याची ओळ सोडून दिली आणि कुणी उचलली नाही, की काय होतं हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. भर रस्त्यात कुणाला तरी हात करावा आणि त्याने दुसरीकडे बघत निघून जावं, तसं तिला झालं. तिसरी ओळ तिच्या घशातच राहिली.

"थर्मासबाईंना पाणी द्या गं कुणीतरी," बुटकी म्हणाली. "घसा सुकला वाटतं."

दोघीतिघी फिसकन हसल्या. मुकादमीण हसली नाही, पण ओरडलीही नाही. घंटी दिवसभर गप्प राहून लावत होती. दुपारी तिला कळलं, की गप्प राहून हे काम करणाऱ्या बाईला रडू का येतं. संध्याकाळी अंगठ्याचं नख मुळातून दुखत होतं, आणि पूर्वीही ते असंच दुखत असणार, तिला ते आजवर जाणवलं नव्हतं एवढंच.

मालकाची मुलगी तिला शोधत तिथेही आली. बाजाराच्या गावी सभागृहात दुपारचा कार्यक्रम होता. आसपासच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना बोलावलं होतं आणि व्हिडिओ बघून घंटीलाही बोलावणं होतं.

"यांनाही?" घंटीने वाफ्याकडे बोट केलं.

"स्टेजवर एवढी जागा कुठे, वहिनी? आणि मागे वाजवणारा आहे ना. तो सगळं भरून काढतो म्हणे."

बाया ऐकत होत्या. ऐकत नसल्याचं दाखवत होत्या म्हणजे ऐकतच होत्या. घंटीला वाटलं, नाही म्हणावं. पण खरं सांगायचं तर तिला जायचं होतं. असं बोलावणं जन्मात एकदा येतं, आणि ते आल्यावर ज्याला जावंसं वाटत नाही त्याने गाऊच नये. ती हो म्हणाली.

निघायच्या दिवशी नवऱ्याने चाक बंद ठेवलं आणि दाढी करताना स्वतःच्याच गालाला दोनदा कापून घेतलं. धार लावणारा माणूस! म्हातारी आता बसू लागली होती. घंटी तिच्या पाया पडली नाही की काही नाही, नुसती दारात उभी राहिली.

"काय म्हणू, आई?"

"तुझा गळा आहे," म्हातारी म्हणाली. "मला काय विचारतेस?"

सभागृह मोठं होतं. पंखे गरगरत होते, खुर्च्या भरल्या होत्या, मागे भिंतीला टेकून माणसं उभी होती. स्टेजवर एक गोरागोमटा कीबोर्डवाला होता. "ताई, तुम्ही बिनधास्त म्हणा," तो म्हणाला, "मधली जागा मी भरतो."

घंटी माइकपुढे उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा प्रश्न पडला तो हातांचा. त्यांचं करायचं काय? गाताना तिचे हात कधी रिकामे नसतच. तिने डावी मूठ वळली, जुडी धरल्यासारखी, आणि मग कुठे गळा मोकळा झाला. "बांधावरून कोण गं येतंय?" तिने ओळ सोडली आणि सवयीने थांबली. कीबोर्डवर टिंग टिंग टिंग वाजलं. पुढची ओळ, पुन्हा टिंग टिंग टिंग. लोकांनी मधेच टाळ्या वाजवल्या. गाणं संपल्यावर तर वाजवतच राहिले. नवरा मागे उभा राहून डोक्यावर हात नेऊन टाळ्या पिटत होता आणि शेजारच्याला सांगत होता, माझी बायको आहे, माझी बायको.

तिला आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? झालाच. माणसं जवळ येऊन फोटो काढत होती, एका म्हाताऱ्याने तिचा हात धरून तो कपाळाला लावला. ती हसून हसून दमली. तरी आत कुठेतरी ते टिंग टिंग खुपत होतं.

गर्दी ओसरल्यावर एक बाई पुढे आली. साधीशी, चपला झिजलेल्या, हात धुण्याच्या औषधाने पांढरे पडलेले.

"मी ती दवाखान्यातली," ती म्हणाली. "चादरींची. तुम्हाला वाचून दाखवलं असेल का कुणी?"

"तुम्ही?" घंटी उडालीच. "एवढ्या लांबून आलात?"

"बसने आले. रात्रपाळी करून तशीच. झोपले असते तर उठले नसते." ती हसली, मग जरा संकोचली. "एक विचारू? राग नका मानू. त्या मागच्या बायका का नाही आल्या?"

"कुठल्या?"

"मागून म्हणतात ना, सरक गं सरक. मी तेवढंच म्हणते कामात. तुमचं कुठलं जमायला आम्हाला! तुम्ही फोनमधून म्हणता आणि मी चादर ओढता ओढता मागचं म्हणते. परवा तर शेजारच्या वॉर्डातलीपण येऊन म्हणायला लागली. मला वाटलं होतं, आज त्या सगळ्या बघायला मिळतील."

एवढे फोटो निघाले, एवढ्या टाळ्या पडल्या, आणि जिच्या लिहिण्याने डोळ्यांत पाणी आलं होतं ती बाई तर मागच्या वाफ्यातली निघाली. ओळ उचलणारी. तिने त्या बाईचे खरखरीत हात आपल्या हातात घेतले.

परतताना बसमधे नवरा सारखा बोलत होता. ती खिडकीतून बघत होती. "अहो," ती मधेच म्हणाली, "उद्या आईंना रानात न्यायचं का? बसून करायचं काम असेल तर?"

खालच्या रानाचं बोलावणं आलंच होतं. कालव्याचं पाणी आता बंद होण्याच्या बेतात होतं आणि मालकाच्या तोंडचं पाणी त्याच्या आधीच पळालं होतं. टोळी पुन्हा रोजाने ठरली. म्हातारीला बांधावर गोणपाटावर बसवलं, समोर रोपांचा ढीग ठेवला. लावण्याआधी रोपांचे शेंडे खुडायचे असतात, ते काम तिला दिलं.

वाफ्यात उतरण्याआधी घंटीने बायांना दवाखान्यातल्या बाईचं सांगितलं. भराभर सांगितलं.

"आमचा आवाज?" बुटकी म्हणाली. "फोनमधे आमचा आवाज येतो?"

"तुमचाच. ती तुमचंच म्हणते. मला म्हणाली, तुमचं कुठलं जमायला."

"हं," बुटकी म्हणाली आणि जुडी उचलून वाफ्यात उतरली. बाकीच्याही उतरल्या. मुकादमिणीने घंटीकडे एकदा नीट बघून घेतलं.

मालक बांधावर येऊन उभा राहिला. मुलगीही होती, मोबाइल तयार होता. "हं, घंटे," मालक म्हणाला, "पाणी चाललंय बरं का! लाव तुझं ते सरक सरक. दणकून लाव."

घंटी वाकली. तिने एक रोप दाबलं. मग तिने गळा सोडला, पण सरक सरक नव्हे. म्हातारीचं जुनं गाणं, टोळीतलं सगळ्यात संथ. त्यात दर ओळीनंतर सगळ्यांनी थांबून कंबर सरळ करायची असते.

"लेक निघाली दूरच्या वाटे..."

ती थांबली. वाफ्यात पाण्याचा आवाज येत होता. कुणी उचललं नाही. मालक म्हणाला, "अगं, हे नव्हे." घंटीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिच्या कानशिलांतून घाम येत होता, तेही थंडीत. तिने दुसरी ओळ सोडली.

"मागं वळून बघू दे तिला..."

आणि बांधावरून, गोणपाटावरून, तो गंजलेल्या दाराचा आवाज आला. "थांब गं जरा." सूर नव्हता, दम नव्हता, अर्धा शब्द तर हवेतच विरला. पण ओळ उचलली होती.

"दारामधली सावली हलते..."

"थांब गं जरा," मुकादमीण म्हणाली. तिच्या पाठोपाठ दोघीतिघी म्हणाल्या. पुढच्या ओळीला बुटकीने थेट मोबाइलकडे तोंड करूनच आवाज लावला. आणि मग सगळ्याच, थांब गं जरा, थांब गं जरा. दर ओळीला रानातल्या सगळ्या बाया कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहायच्या, थंड वारा पाठीला लावून घ्यायच्या आणि मग पुन्हा सावकाश वाकायच्या.

मालक हवालदिल झाला. "अहो मावशी! हे काय चाललंय? पाणी जाईल माझं!"

"रोजाचं गाणं आहे, मालक, ते असंच असतं," मुकादमीण कमरेवर हात ठेवून म्हणाली. "घाई असेल तर रान उक्तं द्या. आणि वरच्या रानात बायांचे रोज बुडाले, तेही त्यात धरा."

मालकाने कालव्याकडे बघितलं. मुलीकडे बघितलं, तर ती म्हणाली, "बाबा, बरोबर बोलतायत त्या." मालकाने डोकं खाजवलं, थोडी घासाघीस करून बघितली, आणि शेवटी म्हणाला, "बरं बाई. उक्तं तर उक्तं. पण आता आवरा!"

रानात एकच गलका झाला. बुटकी ओरडली, "ए थर्मासबाई! आता कशाची वाट बघतेस? लाव की!"

"थर्मास बांधावर आहे," घंटी म्हणाली. "चहा भरून आणलाय. सगळ्यांसाठी. आधी तो घेता का?"

"आधी गाणं," बुटकी म्हणाली. "चहा कुठे पळून जातोय, थर्मासात आहे ना तो!"

आणि मग काय विचारता! घंटीने सरक सरक असं लावलं, की पाखरं तारेवरून उडाली. बाया हसत होत्या, चिखल उडत होता, पाठी झपाझप मागे सरकत होत्या. "बांधावरून कोण गं येतंय?" आणि सगळ्यांचं एकदम, "सरक गं सरक!" मुलगी मोबाइल घेऊन बांधाबांधाने पळत होती आणि या वेळी ती घंटीचं तोंड सोडून सगळ्यांच्या मागे लागली होती. दवाखान्यातल्या बाईला हे दाखवायचं, घंटीच्या मनात येत होतं. तिला म्हणावं, बघ, या त्या. तिने जोरात पुढची ओळ घेतली, आणखी पुढची घेतली, आनंदाच्या भरात घाईने मधेच श्वास घेतला.

"चुकलीस!" बांधावरून आवाज आला.

घंटीचा हात चिखलातच राहिला. तिने वळून पाहिलं. म्हातारी रोपांचे शेंडे खुडत होती, मान वर न करता. एवढ्या दिवसांनी तो शब्द ऐकला आणि घंटीला हसूही आलं आणि रडूही. पुढची ओळ काही तोंडातून निघेना.

"हसतेस काय?" म्हातारी म्हणाली. "ओळ तुटली. पहिल्यापासून घे."

बाया वाकल्या जागी थांबल्या होत्या. घंटीने बाहीने नाक पुसलं, गालाला चिखल लागला तो लागला, आणि छाती भरून श्वास घेऊन तिने ओळ पहिल्यापासून घेतली.